विश्लेषण : सिंहस्थ संपेल, पदवी उरेल... नाशिकमध्ये पर्यटन आणि हॉटेल मॅनेजमेंट शिकताना कोणते गणित मांडावे?

नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थ कुंभमेळ्याचे वेळापत्रक जाहीर झाल्यापासून हॉटेल, निवास, वाहतूक आणि खानपान या क्षेत्रांतील रोजगाराची चर्चा सुरू आहे. बारावीनंतर अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयपेक्षा वेगळी वाट शोधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरांत एक सरळ हिशेब मांडला जातो. भाविक येणार, हॉटेले वाढणार, माणसे लागणार, मग हॉटेल मॅनेजमेंट केले की नोकरी नक्की. हा हिशेब पूर्ण चुकीचा नाही, पण त्यात वेळेचे आणि कामाच्या स्वरूपाचे गणित राहून जाते. पर्यटन आणि आदरातिथ्य व्यवस्थापनाच्या पदवीत नेमके काय शिकवतात, नाशिकच्या विद्यार्थ्यापुढे पर्याय कोणते, सिंहस्थानंतर शहरात काय उरेल आणि प्रवेश घेण्यापूर्वी काय तपासावे, याचा हा आढावा.

सिंहस्थ आणि पदवी यांचे वेळापत्रक जुळते का?

जाहीर वेळापत्रकानुसार सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी होणार आहे. अमृत स्नानाच्या मुख्य पर्वण्या २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि नाशिकमध्ये ११ सप्टेंबर, तर त्र्यंबकेश्वरमध्ये १२ सप्टेंबर २०२७ रोजी आहेत. २४ जुलै २०२८ रोजी ध्वजावतरणाने सिंहस्थाची सांगता होईल. म्हणजे गर्दीचा खरा भार २०२७ च्या पावसाळ्यातील साधारण सहा आठवड्यांवर राहील.

आता याशेजारी पदवीचे वेळापत्रक ठेवून पाहावे. २०२६ च्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेणारा विद्यार्थी पहिल्या अमृत स्नानावेळी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला असेल. तीन वर्षांची पदवी त्याच्या हाती २०२९ मध्ये पडेल आणि चार वर्षांची २०३० मध्ये. तोपर्यंत सिंहस्थासाठी उभारलेली तंबूनगरी उठलेली असेल, तात्पुरती भोजनालये बंद झालेली असतील आणि त्या काळापुरती घेतलेली माणसे घरी गेलेली असतील. पुढचा सिंहस्थ सुमारे बारा वर्षांनी येतो. तेव्हा आजचा अठरा वर्षांचा विद्यार्थी तिशी ओलांडलेला असेल.

याचा अर्थ सिंहस्थाचा या विद्यार्थ्याला उपयोग नाही असा नाही. त्याला तो शिकण्याची संधी म्हणून मिळेल, नोकरी म्हणून नाही. नोकरीचा विचार करायचा तर २०२९ नंतरचे नाशिक कसे असेल, हा प्रश्न विचारावा लागेल.

मागील सिंहस्थांतून काय दिसले?

२०१५ च्या सिंहस्थात २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर अशी नाशिकची शाही स्नाने झाली. पहिल्या स्नानाच्या वेळी कडक बंदोबस्त, वाहनांना शहराबाहेर थांबवण्याची व्यवस्था आणि ठिकठिकाणचे अडथळे यांमुळे शहरातील गर्दी अंदाजापेक्षा कमी राहिली आणि त्याचा फटका बसल्याची तक्रार व्यावसायिकांनी केली होती. पुढच्या पर्वण्यांसाठी निर्बंध शिथिल करण्याची मागणीही झाली.

भाविकांची संख्या आणि हॉटेलातील खोल्यांची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसले. स्नानाला येणारा मोठा वर्ग पहाटे येऊन दुपारपर्यंत परततो. काही नातेवाइकांकडे, काही आखाड्यांच्या वा संस्थांच्या मंडपांत आणि काही धर्मशाळांमध्ये राहतात. त्यांच्या सोयीसाठी पाणी, स्वच्छतागृहे, अन्न, दिशादर्शन आणि सुरक्षित परतीचा रस्ता लागतो. तारांकित हॉटेलातील खोलीची गरज त्यातील थोड्यांनाच असते.

त्याआधीच्या सिंहस्थाची आठवण अधिक वेदनादायक आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकमध्ये शाही स्नानाच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. एखाद्या ठिकाणाची माणसे सामावून घेण्याची क्षमता किती, येण्याचा आणि जाण्याचा मार्ग वेगळा कसा ठेवायचा, अफवा कशी रोखायची, हे पर्यटन व्यवस्थापनाच्या पुस्तकातले विषय आहेत. नाशिकसारख्या शहरात ते केवळ परीक्षेपुरते वाचून भागत नाहीत.

पदवीत नेमके काय शिकवतात?

हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे स्वयंपाक शिकणे, असा समज अजूनही आहे. या शिक्षणाचे चार मुख्य विभाग असतात. फूड प्रॉडक्शन म्हणजे स्वयंपाकघर, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस म्हणजे वाढप आणि पेयसेवा, फ्रंट ऑफिस म्हणजे स्वागतकक्ष आणि आरक्षण, तर हाउसकीपिंग म्हणजे खोल्या, कपडे आणि परिसराची स्वच्छता. याशिवाय अन्नसुरक्षा, पोषण, खर्चाचा हिशेब, लेखापद्धती, विक्री, कायदे, संगणक आणि संवादकौशल्य हे विषय असतात. एका सत्रासाठी किंवा त्याच्या आसपासच्या कालावधीसाठी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष हॉटेलात प्रशिक्षणासाठी जावे लागते. विद्यार्थ्यांच्या बोलण्यातले ‘ट्रेनिंग’ ते हेच.

पर्यटन व्यवस्थापनाची पदवी याहून वेगळी आहे. तिच्यात सहलींची आखणी, तिकीट आणि व्हिसाची कामे, पर्यटनस्थळांचा भूगोल व इतिहास, मार्गदर्शकाचे काम, कार्यक्रमांचे आयोजन आणि पर्यटनस्थळांचे व्यवस्थापन यांवर भर असतो. हॉटेल मॅनेजमेंट केलेला विद्यार्थी सहल कंपनीत आणि पर्यटन शिकलेला विद्यार्थी हॉटेलच्या स्वागतकक्षात जाऊ शकतो. तरीही दोन्ही पदव्यांचा गाभा निराळा आहे. नाव जवळचे दिसले म्हणून प्रवेश घेतला आणि दुसऱ्या सत्रात भ्रमनिरास झाला, असे होऊ नये यासाठी आधी अभ्यासक्रमाची विषययादी वाचावी.

नाशिकच्या विद्यार्थ्यापुढे कोणते पर्याय आहेत?

पहिला पर्याय राष्ट्रीय पातळीवरचा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीत १९८२ मध्ये स्थापन झालेली नॅशनल कौन्सिल फॉर हॉटेल मॅनेजमेंट अँड केटरिंग टेक्नॉलॉजी ही स्वायत्त संस्था देशभरातील इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, म्हणजे ‘आयएचएम’ संस्थांच्या अभ्यासक्रमाचे नियमन करते. तेथील बी.एससी. पदवीसाठी एनसीएचएम जेईई ही सामायिक प्रवेश परीक्षा असते आणि पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. बारावीत इंग्रजी विषय असणे आवश्यक असते. नाशिकला जवळची संस्था म्हणजे मुंबईत दादर येथील आयएचएम. १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ही देशातील या प्रकारची पहिली संस्था मानली जाते. गोव्यात पर्वरी येथेही आयएचएम आहे.

दुसरा पर्याय राज्याचा. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. या विद्यापीठाच्या चौकटीत दोन वाटा आहेत. बीएचएमसीटी ही चार वर्षांची व्यावसायिक पदवी असून तिच्यासाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रिया आहे. बी.एससी. हॉस्पिटॅलिटी स्टडीज ही दुसरी वाट. दोन्हींत स्वयंपाकघर, सेवा, स्वागतकक्ष आणि हाउसकीपिंग आहेच. फरक कालावधी, प्रवेशाची पद्धत आणि मिळणाऱ्या शुल्क सवलतींत पडतो. पुण्यात शिवाजीनगरला राज्य सरकारची हॉटेल मॅनेजमेंट संस्थाही आहे.

तिसरा पर्याय नोकरी करत शिकण्याचा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच, गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. ज्यांना घरचे हॉटेल, खानावळ किंवा नोकरी सांभाळून शिकायचे आहे, त्यांच्यासाठी मुक्त शिक्षणाचा मार्ग मोलाचा ठरतो. मात्र प्रात्यक्षिके कोणत्या केंद्रावर आणि किती तास होतात, हे येथे सर्वांत आधी विचारावे लागते.

केवळ पर्यटनात रस असणाऱ्यांसाठी केंद्राची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट ही १९८३ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिचे मुख्यालय ग्वाल्हेरला असून गोव्यातही तिचे केंद्र आहे. तेथे पर्यटन व प्रवास या विषयांत बीबीए आणि एमबीए करता येते.

शुल्क सवलतीत मेख कोणती?

राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत लागू केली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असणे ही तिची अट आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर घटकांसाठी स्वतंत्र योजना आहेत.

अभ्यासक्रम शासनमान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांत मोडणारा असावा आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा, या अटींमुळे मेख तयार होते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत मिळत नाही. ‘सीईटीची गरज नाही, थेट प्रवेश’ हे वाक्य ऐकायला सोयीचे असले, तरी एखाद्या मुलीसाठी त्याची किंमत तीन-चार वर्षांच्या शुल्काएवढी असू शकते. एनसीएचएम जेईई आणि राज्याची सीईटी या दोन्ही परीक्षांचे अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या बऱ्याच आधी भरावे लागतात. निकालानंतर विचार करू, असे म्हणणाऱ्यांच्या हातून हे दोन्ही मार्ग निसटतात.

याशिवाय गणवेश, स्वयंपाकघरातील सुऱ्या व साहित्याचा संच, प्रात्यक्षिकांचे साहित्य आणि प्रशिक्षणाच्या शहरातील राहण्याचा खर्च हा शुल्काबाहेरचा असतो. नाशिकच्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला मुंबई, पुणे किंवा गोव्यात काही महिने काढायचे असतील, तर हा आकडा आधीच विचारून ठेवावा लागतो.

नाशिकमध्ये वर्षभर काम कुठे आहे?

सिंहस्थ बाजूला ठेवला, तरी नाशिककडे पर्यटनाचे अनेक प्रवाह आहेत. त्यांतला सर्वांत जुना तीर्थयात्रेचा. रामकुंड, पंचवटी, काळाराम मंदिर, त्र्यंबकेश्वरचे ज्योतिर्लिंग, वणीची सप्तशृंगी आणि पलीकडच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शिर्डी यांमुळे वर्षभर येणे-जाणे असते. श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरी फेरी, नवरात्रात आणि चैत्रात गडावर होणारी गर्दी, पौष महिन्यातील संत निवृत्तिनाथांची यात्रा असे गर्दीचे ठरलेले हंगाम आहेत.

दुसरा प्रवाह द्राक्षे आणि वाइनचा. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. सुला विनयार्ड्सची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००५ मध्ये गंगापूर धरणाजवळ तिचा टेस्टिंग रूम सुरू झाला. तेव्हापासून मुंबई-पुण्याचा पाहुणा शनिवार-रविवारी द्राक्षबागेत राहायला येऊ लागला. दिंडोरी, इगतपुरी या तालुक्यांतही वायनरी आहेत. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा काळ या पर्यटनाचा हंगाम असतो. राज्य पर्यटन विकास महामंडळाचे ग्रेप पार्क रिसॉर्टही गंगापूर धरणालगतच आहे.

तिसरा प्रवाह औद्योगिक. सातपूर, अंबड, सिन्नर येथील कारखान्यांच्या कामासाठी येणारा पाहुणा सोमवार ते शुक्रवार खोली घेतो. व्यावसायिक हॉटेलांचा आठवड्याच्या मधल्या दिवसांतील गल्ला त्याच्यावर अवलंबून असतो. चौथा प्रवाह निसर्गाचा. पावसाळ्यातली इगतपुरी, अंजनेरी, आणि जानेवारी २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य त्यात येतात.

या सगळ्याला दळणवळणाची जोड मिळाली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारत सुरू झाली, ती नाशिकरोडला थांबते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई मार्ग पूर्ण झाला. मात्र रस्ता जवळ आला की पाहुणा वाढतो आणि मुक्काम घटतो, हा पर्यटनातला जुना अनुभव आहे. सकाळी मुंबईहून निघून संध्याकाळी परत जाणारा पाहुणा जेवणाचे बिल देतो, खोलीचे देत नाही. त्याला रात्रभर थांबवायचे कसे, हा नाशिकच्या पर्यटनापुढचा प्रश्न आहे. तो सोडवणारी माणसे या पदवीतूनच यायला हवीत.

मग पदवीधरांना नोकऱ्या सहज मिळतात का?

येथे शहराची रचना आडवी येते. नाशिकच्या पर्यटनाचा सर्वांत मोठा भाग तीर्थयात्रेचा आहे आणि तो पदवीवर चालत नाही. धर्मशाळा, भक्तनिवास, यात्रेकरूंची पिढ्यान्‌पिढ्या सोय पाहणारे तीर्थपुरोहित, घरगुती खानावळी, प्रवासी गाड्यांचे चालक आणि छोटी लॉज यांचे जाळे कुटुंबांवर आणि ओळखींवर उभे आहे. तेथे माणूस घेताना पदवी विचारली जात नाही, तिचा मोबदलाही मिळत नाही.

वास्तविक हे काम मोठ्या हॉटेलपेक्षा सोपे नाही. शिर्डीत साईबाबा संस्थानचे प्रसादालय दररोज हजारो भाविकांना जेवू घालते. इतक्या लोकांच्या अन्नाची खरेदी, साठवण, स्वच्छता, रांग आणि उरलेल्या अन्नाची विल्हेवाट हा आदरातिथ्य व्यवस्थापनाचाच मोठा पाठ आहे. पण अभ्यासक्रमाचा साचा तारांकित हॉटेलाभोवती बेतलेला आहे. पाश्चात्त्य पद्धतीचे टेबल मांडण्याचे धडे त्यात तपशिलात असतात. पन्नास हजारांची पंगत, उपवासाचे पदार्थ, वृद्ध यात्रेकरूंची सोय किंवा चार भाषांत दिशादर्शन यांना मात्र तेवढी जागा मिळत नाही.

परिणामी एकीकडे तीर्थक्षेत्रांना प्रशिक्षित माणसे मिळत नाहीत आणि दुसरीकडे प्रशिक्षित विद्यार्थी मुंबई, पुणे, गोवा, बंगळूरु किंवा परदेशात जातात. नाशिकमधली मोठ्या साखळीतील हॉटेले आणि रिसॉर्ट काही पदवीधरांना सामावून घेतात, पण सगळ्यांना नाही. म्हणून नाशिकमध्ये शिकणे आणि नाशिकमध्येच नोकरी मिळणे या दोन गोष्टी एकत्र गृहीत धरू नयेत.

शिकलेली मुले हे क्षेत्र का सोडतात?

या क्षेत्रात प्रवेश मिळवण्याइतकाच टिकून राहण्याचा प्रश्न मोठा आहे. दिवाळी, नाताळ, शनिवार-रविवार हे इतरांचे सुट्टीचे दिवस हॉटेलात सर्वाधिक कामाचे असतात. सकाळी काही तास, मग दुपारची सुटी आणि पुन्हा रात्री उशिरापर्यंत काम, अशी ‘ब्रेक शिफ्ट’ अनेक ठिकाणी चालते. कागदावर आठ-नऊ तासांचे काम प्रत्यक्षात सकाळपासून रात्रीपर्यंतचे होते. सुरुवातीचा पगार घरच्या अपेक्षेपेक्षा कमी असतो. पदवीधर असूनही पहिली काही वर्षे भांडी, खोल्या, टेबल या कामांपासूनच सुरुवात होते. हे आधी सांगितले गेले नाही, तर निराशा येते.

प्रशिक्षणाच्या काळातील स्थिती अधिक नाजूक असते. चांगल्या हॉटेलात विद्यार्थ्याला चारही विभागांत फिरवले जाते. काही ठिकाणी मात्र मनुष्यबळाची तूट भरून काढण्यासाठी त्याला एकाच कामावर महिनोन्‌महिने ठेवले जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. आठवड्याला ४८ तासांची मर्यादाही आहे. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवार ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत आणि महाविद्यालयाने पाठवलेल्या प्रशिक्षणार्थ्याची स्थिती त्याहून संदिग्ध असते. त्याचे संरक्षण प्रामुख्याने महाविद्यालय आणि हॉटेल यांच्यातील करारावर अवलंबून राहते. तो करार विद्यार्थ्याने वाचलेला असणे म्हणूनच गरजेचे आहे.

मुलींच्या बाबतीत रात्रपाळी आणि घरी परतण्याची सोय हा पालकांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी त्या समितीच्या सदस्यांची नावे माहीत करून घेणे हा मुलींचा हक्क आहे.

परदेश आणि क्रूझची नोकरी : काय पाहावे?

आखाती देशांतील हॉटेले आणि प्रवासी जहाजे यांचे आकर्षण मोठे आहे. पगार चांगला असतो, राहण्या-जेवण्याचा खर्च वाचतो. पण फसवणुकीची जागाही हीच आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारी संस्था परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत असावी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर तपासता येते. अशी संस्था उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेऊ शकते. जहाजावरील नोकरीसाठी संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना असावा लागतो आणि अशा भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. लाखांत रक्कम मागणारा आणि पावती टाळणारा मध्यस्थ दिसला, तर तेथेच थांबावे.

सरकारच्या धोरणांचा उपयोग कितपत?

राज्याने आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देऊन २०२१ पासून पात्र हॉटेलांना वीज, पाणी आणि कर औद्योगिक दराने आकारण्याचा निर्णय घेतला. जुलै २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगारांचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणामुळे शेतकऱ्याला शेतावर पाहुण्यांची सोय करून नोंदणी करता येते. महिलांसाठीच्या २०२३ च्या ‘आई’ धोरणात पर्यटन व्यवसायासाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातही होमस्टेसाठी मुद्रा कर्ज आणि हॉस्पिटॅलिटी संस्थांतून तरुणांना सखोल कौशल्य प्रशिक्षण देण्याची घोषणा झाली.

या धोरणांचा थेट लाभ नोकरी शोधणाऱ्यापेक्षा व्यवसाय सुरू करणाऱ्याला अधिक मिळतो. दिंडोरी, निफाड, इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील ज्या विद्यार्थ्याच्या घरी शेत, जागा किंवा खानावळ आहे, त्याच्यासाठी पदवीचे मोल येथे दिसते. खोलीचा दर कसा ठरवावा, अन्नाचा खर्च कसा काढावा, स्वच्छतेचा दर्जा रोज कसा राखावा, ऑनलाइन आरक्षणाचे कमिशन परवडते का, हे चार वर्षांत शिकलेले गणित घरच्या व्यवसायाला लगेच लागू पडते.

प्रवेशापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत?

माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा काही साधे प्रश्न अधिक उपयोगी ठरतात. पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि त्या वर्षाची संलग्नता आहे का? पदवी आहे की पदविका की संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र? प्रशिक्षणाचे स्वयंपाकघर किती मोठे आहे आणि एका तुकडीत किती विद्यार्थी असतात? आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती? मागील दोन तुकड्या प्रशिक्षणासाठी कोणत्या हॉटेलांत गेल्या, त्यांना विद्यावेतन किती मिळाले?

‘१०० टक्के प्लेसमेंट’ या दाव्याबाबत एकच प्रश्न पुरतो : नोकरी लागलेल्यांपैकी एका वर्षानंतर कितीजण त्या क्षेत्रात आहेत? याचे उत्तर संस्थेकडे नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे असते. प्रवेशापूर्वी त्यांना भेटावे. शक्य असेल तर बारावीच्या सुटीत पंधरा दिवस एखाद्या हॉटेलात किंवा केटररकडे काम करून पाहावे. दहा तास उभे राहण्याची तयारी आहे का, अनोळखी माणसाशी दिवसभर हसतमुखाने बोलता येते का, याचे उत्तर तेथे मिळते.

भाषांकडेही लक्ष द्यावे. मराठी, हिंदी, इंग्रजी ही किमान शिदोरी झाली. नाशिकला येणाऱ्या यात्रेकरूंत गुजराती, तेलुगू, कन्नड आणि तमीळ भाषकही असतात. त्यातली एखादी भाषा कामापुरती येणारा तरुण स्वागतकक्षात वेगळा उठून दिसतो.

पुढे काय व्हायला हवे?

सिंहस्थाकडे विद्यापीठे आणि प्रशासनाने मोठी प्रयोगशाळा म्हणून पाहिले, तर त्याचा लाभ पदवीला होऊ शकतो. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. नाशिकमधील पर्यटन आणि हॉटेल मॅनेजमेंटचे विद्यार्थी २०२७ च्या पर्वण्यांमध्ये केवळ स्वयंसेवक म्हणून रांगेत उभे राहिले, तर त्यांच्या हाती टोपी आणि प्रमाणपत्र येईल. त्यांना निवास नियोजन, अन्नसुरक्षा तपासणी, माहिती केंद्र, हरवलेल्यांचा शोध, गर्दीची मोजणी अशी ठरलेली कामे, ठरलेले तास, विद्यावेतन, विमा आणि श्रेयांक मिळाले, तर तो देशात क्वचित कुणाला मिळणारा अनुभव ठरेल.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १८९३ मध्ये सुरू झालेली हॉटेल शिक्षणाची शाळा तेथील हॉटेल व्यावसायिकांनीच उभी केली होती. आपल्याला कशी माणसे हवीत हे त्यांनी ठरवले आणि शिकवण्याची जबाबदारीही घेतली. नाशिकमध्ये वायनरी, हॉटेले, देवस्थाने आणि कृषी पर्यटन केंद्रे यांनी महाविद्यालयांशी असा व्यवहार केला, तर अभ्यासक्रमात तारांकित हॉटेलाबरोबर यात्रेकरूलाही जागा मिळेल.

विद्यार्थ्यासाठी निष्कर्ष साधा आहे. सिंहस्थामुळे नोकरी मिळेल, म्हणून ही पदवी घेऊ नये. माणसांची सोय पाहण्याचे काम आवडते, घराबाहेर पडण्याची तयारी आहे, पहिली तीन-चार वर्षे कष्टाची जातील हे मान्य आहे आणि प्रवेश मान्यताप्राप्त मार्गाने मिळतो आहे, या चार गोष्टी जुळल्या तर ही वाट चांगली आहे. त्यातल्या दोनच जुळत असतील, तर बारावीच्या सुटीतले ते पंधरा दिवस आधी काढावेत आणि मगच अर्जावर सही करावी.